आधी केसरीनाथचे दात

राहीबाईच्या दातांबद्दल बोलायची अख्ख्या नारपोलीत कोणाची छाती नव्हती, आणि तिच्या नवऱ्याची, केसरीनाथची, तर मुळीच नव्हती. तसा तो गडगडाटी हसणारा, कोणाचीही थट्टा करणारा माणूस. पण बायकोच्या कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही एवढं त्याला चांगलं कळत होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या होळीनंतर मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. राहीबाई गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून धवलारीण धवळे गाते, एकेका देवाचं, एकेका पितराचं नाव घेऊन त्यांना लग्नाला बोलावते. नावं स्वच्छ उमटली तर लग्न नीट लागलं, असं बायका मानतात. आता वैशाखात कमळचं लग्न होतं. कमळ राहीबाईची पुतणी, पण आई गेल्यापासून राहीबाईनेच तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. आणि नेमकी आता राहीबाईची पंचाईत झाली होती. दोन ओळी गायल्या की मोरीत जाऊन रक्त थुंकायला लागायचं. खालचे पुढचे दात हलत होते आणि शब्द त्यांच्यातून घसरत होते.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं: मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे ओसरीवर बसून बोटाने हिरड्यांना घासायची. तीही एकटीने नाही, चौघीजणी मिळून. गावात कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या डबीभोवती कळायचं. केसरीनाथ आत अंथरुणात पडून ऐकायचा आणि गालात हसायचा. हिरडी ठणकली की राहीबाई आणखी एक चिमूट घ्यायची. ठणका घटकाभर बधिर व्हायचा आणि रोग आत मुकाट वाढत राहायचा.

शेवटी केसरीनाथची थोरली बहीण आक्का बोलली. "काल्हेरवरशी पुतळाबाईला बोलवू. राहीला आता जमाचा न्हाय." पुतळाबाई तिथली धवलारीण; आक्काच्या बोलण्यात खोट नव्हती, पण त्या दिवशी राहीबाईच्या घशाखाली घास उतरला नाही. चुलीपुढे बसून ती एवढंच म्हणाली, "माज्या कमलचा लगीन दुसरी लावनार." केसरीनाथने ते ऐकलं. या बाईचं गाणं ऐकूनच तर त्याने कधीकाळी तिच्या बापाच्या घराला खेटे घातले होते.

दुसऱ्या दिवशी तो निजामपुऱ्यात गेला. तिथे रशीद डॉक्टरने दातांचा दवाखाना टाकला होता. पोरगा मुंबईला शिकून आलेला, पण बोलायला गोड. "चाचा, दात काढायची घाई नको," तो म्हणाला. "आधी दातांवरचं किटण खरवडून काढू. हिरड्या सुधारल्या तर दातही जरा घट्ट होतील. चाचीला घेऊन या."

चाची कसली येते? "किटन काढला का दात पडतान," राहीबाईने निकाल दिला. "त्यानंच तं धरलेत."

"कोन बोलला तुला?"

"बोलाचा काय त्यात? खारीच्या बांधाची माती काढली तं काय होतं? बांध ऱ्हातं का?"

केसरीनाथचा जन्म खाडीकाठच्या भातशेतीत गेलेला. भरतीचं खारं पाणी अडवायला बांधावर चिखल थापायचा, तो उतरला तर शेत गेलं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. बायकोचं म्हणणं त्याला मनातून पटलंसुद्धा. पण कमळचं लग्न डोळ्यांपुढे होतं. "मी बसतंव आधी," तो म्हणाला. "माजे दात ऱ्हायले तं तू ये."

तो एकटाच गेला. डॉक्टरने दिवा तोंडावर घेतला, आकडीसारखं हत्यार हातात धरलं आणि खरवडायला सुरुवात केली. केसरीनाथने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. करकर आवाज थेट मेंदूत जात होता. आणि मग वरचा पुढचा एक दात सरळ डॉक्टरच्या हातात आला.

केसरीनाथची पाचावर धारण बसली. दाताचं त्याला फारसं काही वाटलं नाही. भीती वाटली ती राही आता या खुर्चीत जन्मात बसणार नाही याची. डॉक्टरने समजावलं, दात पुडीत बांधून हातात दिला. केसरीनाथ तोंड मिटून घरी आला.

त्यानंतर त्याने तोंड उघडलंच नाही. विचारलं तर 'हूं', जेवताना मान खाली, हसणं तर बंदच. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधला लूमवाला नेहमीसारखा थट्टेला आला, तर हा त्याच्याकडे पाठ करून बसला. राहीबाईने दोन दिवस सोसलं. तिला वाटलं, डॉक्टरने आपल्या दातांबद्दल काहीतरी भयंकर सांगितलंय आणि हे आपल्यापासून लपवतायत. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी थापता थापता परात बाजूला सारली आणि पिठाच्या हातानेच त्याची हनुवटी धरली.

"मी मरनार हाय का?"

"न्हाय गं," केसरीनाथ म्हणाला, आणि म्हणताना व्हायचं ते झालं. खिंडार दिसलं.

राहीबाईने हनुवटी सोडली. "मी काय बोलत व्हती?"

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. केसरीनाथने पुडी सोडून दात तिच्या तळहातावर ठेवला. "नीट बघ. मुळाच्या टोकापतूर काला दगड हाय का न्हाय? डॉक्टर बोलला, हिरडी कवाच सुटलेली. किटनानं दात धरला नव्हता, किटनानं हिरडी खाल्ली. मंग मना समाजला. आपला बांध खेकऱ्यांनी आतून पोखरला तं वरशी कसा दिसतं? एकदम चांगला. आन् एक दिवस खाडी आत येतं." त्याने आपलं खिंडार दाखवलं. "मना उशीर झाला, राही. तुला अजून न्हाय झाला."

राहीबाईने दात उलटसुलट करून पाहिला. खेकड्यांनी पोखरलेला बांध तिनेही पाहिला होता, तो बुजवायला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रात्रंदिवस चिखल थापला होता.

"दुखला का?"

"दुखला."

नाही म्हणाला असता तर ती गेली नसती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून नेसूचं लुगडं बदलून दारात उभी राहिली.

डॉक्टरने तिचे दात एकदम साफ केले नाहीत, चार खेपांत केले. पहिल्या खेपेला तिने त्याचा हात असा धरला की तो कळवळला. "चाची, मशेरी बंद," त्याने बजावलं. "कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा, आणि मऊ ब्रश."

"मंग सकालला बायकांत कशी बसू?"

"बसा ना. बसायला कुठे मनाई आहे?"

म्हणून ती बसली. चौघींत तिघी मशेरी घासायच्या आणि ही ब्रश. बायकांनी 'मडमीन' म्हणून तिची चांगलीच खेचली. पहिले काही दिवस ती मशेरीच्या तलफेने इतकी चिडचिडी झाली की केसरीनाथ चहासुद्धा मागायला घाबरायचा. पण चुळेचं पाणी हळूहळू स्वच्छ पडायला लागलं. एका पहाटे ते अगदी नितळ पडलं, तेव्हा तिने केसरीनाथला उठवून मोरीपर्यंत नेऊन दाखवलं.

लग्नाच्या दिवशी मागांचा खडखडाट नको म्हणून लूमवाल्यांनी शेडी बंद ठेवल्या. मांडवात राहीबाई उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला अडखळली. किटण गेलेल्या फटीतून वारा शिट्टीसारखा सुटला. आक्काने मान वळवली. राहीबाईने ओठ ओले केले, जीभ जरा मागे घेतली आणि तीच ओळ पुन्हा उचलली. या खेपेला देवाचं नाव अख्खं उमटलं. मग दुसरं, मग तिसरं. गावदेवी आली, खाडीचे देव आले, पितर आले, आणि शेवटी कमळच्या आईचं नाव आलं. कमळ ढसाढसा रडली. राहीबाई एकदाही थुंकायला गेली नाही.

पाठवणी झाल्यावर मांडवात एका बाजूला दोघं टेकली.

"माजा गाना ऱ्हावा म्हून तुमचा दात गेला," राहीबाई म्हणाली.

"तो जानारच व्हता."

"जानारच व्हता. पन त्या खुर्चीत तुमी माज्यासाठी बसलाव." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मांडवात माणसं होती, तरी ठेवला. "डॉक्टर परत कवा बोलला?"

"सहा महिन्यांनी. दोघांनी."

"चला मंग," ती म्हणाली. "त्या वख्ताला पयली मी बसेन. तुमी फकस्त माजा हात धरा."