हिरव्या साखरदाणीवरची खूण

"बोल धुडकू, बिलायती के देशी?" मगनशेठने जांभळी तबकडी माझ्या हातात कोंबली.

मी डोळे मिटले. लोकांना वाटतं मी नाटक करतो. अहो, पंधरा वर्षं काचकारखान्यात साच्याचा दांडा ओढलाय मी. भट्टीने डोळे अधू केले, बोटं मात्र शाबूत ठेवली. कडेला साच्याची शिवण लागली, तीन ठिकाणी. तळ घासून गुळगुळीत केलेला.

"बिलायती. आपल्याकडे तळाचे एवढे लाड कोण करतं?"

शेठ खूश झाला. चौक बाजारातल्या त्याच्या जुन्या काचसामानाच्या दुकानात माझं एवढंच काम. वस्तू कुठे, कुणी घडवली ते ओळखायचं.

तेवढ्यात पायरीवर अंजनाबाई दिसली. लिंबायतला आमच्याच गल्लीत राहते. तिचा नवरा हिलाल आणि मी एकाच साच्यावर होतो. वितळलेल्या काचेचा गोळा तो कात्रीने कापून साच्यात टाकायचा, मी दांडा ओढायचो. एकोणसाठ साली तो कारखान्यातून नाहीसा झाला, त्याला आता बारा वर्षं होत आली होती.

तिने पदराखालून हिरवी साखरदाणी काढली. "धुडकूभाऊ, हाई कोन्ही करेल शे, तेवढं सांगा."

"कुठून आणली?"

"बोहारणीकडथीन. त्यासना कपडा दिधात, तिनी हाई दिधी."

हिलालचे कपडे तिने बारा वर्षं घडी करून ठेवले होते. आता मुलीची सोयरीक जमली होती, आणि मुलाकडच्यांनी स्पष्टच सांगितलं, मुलीचा बाप आहे की गेला, ते एकदाचं ठरवा. बारा वर्षं बेपत्ता असलेल्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. येत्या रविवारी तो विधी होता.

"घरमा ठेवी तं रोज संध्याकाळले कोमट लागस," ती हळूच म्हणाली. "चूल नई, ऊन नई. तरी कोमट."

"पत्र्याचं घर आहे बाई, सगळंच तापतं," मी हसत म्हणालो आणि तळावरून बोट फिरवलं. माझं हसू तिथेच विझलं.

काच कापली की वस्तूच्या तळाला केसासारखी रेघ उरते. सगळ्यांची रेघ साच्याच्या आकड्याच्या उजवीकडे पडते. ही डावीकडे होती. आख्ख्या कारखान्यात डावखुरा एकच होता. त्याच्या कात्रीचं पातं टोकाशी उडालेलं, म्हणून त्याच्या रेघेत तांदळाच्या कणीएवढा उंचवटा यायचा. तोही होता.

पण साच्याचा आकडा होता दोनशे चौसष्ट, आणि नव्या साच्यांना आकडे ओळीने पडायचे. एकसष्ट साली मी कारखाना सोडला तेव्हा दोनशेवा साचासुद्धा आलेला नव्हता.

आणि ती कात्री तर माझ्या पेटीत होती.

तो नाहीसा झाला त्या दुपारी कात्री कठड्यावर ठेवून हिलाल पाणी प्यायला म्हणून गेला. कठड्यापलीकडे भट्टीचं तोंड. तो परत आलाच नाही. त्या पाळीचा हिरवा माल काळपट निघाला, असं मुकादम पुटपुटला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कात्री त्याच्या बायकोला दे म्हणून मुकादमानेच माझ्याकडे सोपवली, ती देण्याची छाती माझी कधीच झाली नाही.

"सांगा ना भाऊ."

थाप मारावी, असं शंभरदा वाटलं. पण काचेबद्दल मी कधी खोटं बोललो नाही.

"हात त्याचाच आहे," मी म्हणालो.

"आनि हाई ते गयात त्याना नंतरनी?"

"नंतरचीच. निदान दोन वर्षांनंतरची."

तिने साखरदाणी परत घेतली आणि तळावरून स्वतःचं बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही विधी मोडणार, घरी जाऊन ठसठशीत कुंकू लावणार. कात्रीचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर माझा भित्रेपणा उघडा पडला असता. मी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

"म्हणजे हातले काम व्हतं," ती म्हणाली. "एक पोस्टकार्ड लिखाले तेवढा हात नव्हता." साखरदाणी तिने शेठच्या फळीवर ठेवली आणि मागे न बघता गेली.

रविवारी सकाळी तापीकाठी आम्ही आठ-दहा माणसं जमलो. बायका अशा जागी येत नाहीत, पण अंजनाबाई आली, आणि तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. वारा पडलेला. नदी तर वाहते आहे की नाही, तेही कळत नव्हतं. दर्भाचा पुतळा लाकडांवर ठेवलेला.

"गेलेल्याचं नाव?" भटजींनी विचारलं.

अग्नी द्यायला उभा असलेला तिचा दीर तोंड उघडणार एवढ्यात तीच बोलली. लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. लेकीच्या शाळेतसुद्धा ते मीच सांगितलं होतं.

"हिलाल!"

सांगितल्यासारखं नाही, हाक मारल्यासारखं. पैलतीरी जाईल इतकं मोठ्याने. आमच्या सगळ्यांच्या माना गर्रकन मागे वळल्या. काठावर कुणीच नव्हतं.

ती थांबली. हाकेला ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबली.

मग दिराला म्हणाली, "लावा."