मला काहीच येत नाही

टोंगातल्या कालोलाइनेनं वर्षभर डोकं लढवून मेलबर्नचं विद्यापीठ निवडलं होतं. फिजीतलं सूवा जवळ होतं, ऑकलंडला मामा होते. पण वित्तशास्त्र शिकवता शिकवता शेवटच्या वर्षी थेट बँकेत कामाला बसवणारं मेलबर्न एकटंच. शिष्यवृत्तीशिवाय तिथली पायरी चढणं शक्य नव्हतं. ती मिळणार की नाही, हे संगणकावरच्या वीस मिनिटांच्या मुलाखतीत ठरणार होतं.

"तिथं लाजत बसू नकोस," गणिताच्या बाईंनी बजावलं. "काय येतं विचारलं की खुशाल स्वतःची टिमकी वाजव. त्या लोकांना वाजवल्याशिवाय ऐकू येत नाही."

वाजवायला होतंही पुष्कळ. परीक्षेत कधी भोपळा न पाहिलेल्या या मुलीनं जपानला जाणाऱ्या भोपळ्यांच्या भावाचा तीन वर्षं तक्ता ठेवला होता. भाव कोसळणार, हे तिनं लावणीआधीच सांगितलं. ऐकणाऱ्या अकरा घरांनी रताळी लावली आणि ती तरली. हे सगळं तिनं इंग्रजीत तोंडपाठ करून ठेवलं.

घात झाला तो लुसेआने आत्यामुळे. टोंगात बहिणीपुढे खुद्द बाप आवाज चढवत नाही, तिथं पोरीची काय बिशाद! मुलाखतीच्या सकाळी आत्या तिथल्या रीतीप्रमाणे मानाच्या प्रसंगाची ठेवणीतली चटई कमरेला गुंडाळून आली आणि खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसली. कालोलाइने खाली जमिनीवर, संगणकासमोर.

"ताई, तू जरा बाहेर बसलीस तर..." वडील चाचरले.

"का रे साटेकी? पोर मोठ्या माणसांशी बोलणार आणि मागं घरचं कोणी नको? बेवारस आहे का ती?"

वडीलच बाहेर जाऊन बसले. आत्याचं इंग्रजी चर्चपुरतं. पण 'मी' हा शब्द तिला बरोब्बर कळायचा. लहानपणी कालोलाइने एकदा "मी पहिली आले" म्हणाली, तेव्हा याच आत्यानं विचारलं होतं, "मग देव कितवा आला?"

पडद्यावरच्या बाई छान हसल्या. "तुम्हालाच का निवडावं?"

कालोलाइनेनं तोंड उघडलं. मागं खुर्ची करकरली. पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि सरदारापुढं बोलावं तसं साध्या इंग्रजीत आपसूक बाहेर पडलं, "मला काहीच येत नाही. वयानंही लहान. शिकले तर आपल्याच कृपेनं."

हे ऐकून टोंगात माणसं डोळे पुसतात. ज्याला खरंच येतं, तोच असं म्हणतो. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

"सोन्यासारखं बोललीस गं," मुलाखत संपताच आत्या गहिवरली. "आता नाही म्हणायची त्यांची छाती नाही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तयारी अपुरी, आत्मविश्वास त्याहून अपुरा. आत्यानं ते वाचून दाखवायला सांगितलं. कालोलाइनेला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तरी ती म्हणाली, "बोलणं फार आवडलं म्हणतात. जागा भरल्या होत्या."

"बघ! वळण वाया जात नाही." आत्यानं कालोलाइनेच्या धाकट्या बहिणीला, फिनेला, हाक मारली. "दोन वर्षांनी हिची पाळी. हिलाही मीच तयार करणार. सांग बघू फिने, काय येतं तुला?"

फिने वर्गात पहिली होती. तिनं मान खाली घातली.

"मला काहीच येत नाही."

"शाबास! बरोबर बोलली ना गं?"

कालोलाइनेच्या हातात पत्राची घडी होती.

"हो, आत्या," ती म्हणाली.