म्हशीशेजारचा स्टोव्ह

आमच्या तालमीच्या दारात एक काळा फळा हाय. अठ्ठ्याण्णव साली पेठेतला अतुल मास्तर त्यावर रोज सकाळी खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायचा, मराठीत त्याचा अर्थ, आणि खाली तब्येतीचा सल्ला. सगळी पेठ येडी झालती. 'डायजेशन' आला त्या दिवशी जो भेटंल तो दुसऱ्याचं डायजेशन विचारत होता. मी चौथी शिकलेली, पण फळा वाचल्याबिगर मी बी भाजीला जात नव्हते.

मग एक दिवस शब्द आला 'इन्फेक्शन'. खाली सल्ला: कच्चं दूध पिऊ नका, उकळूनच प्या.

आता सांगा, आमचा धंदाच कच्च्या दुधाचा. संध्याकाळी आमचे मालक, आकाराम, तालमीपुढच्या कट्ट्यावर म्हस बांधायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळ गिलास हातात द्यायचा, त्यानं उभ्या उभ्या रिचवायचा. पाण्याचा संशय न्हाय, भेसळीचा न्हाय. सासऱ्यापासनं चालत आलेलं. त्या संध्याकाळी पैलवान तेवढे आले. शेजारच्या नजीराची अर्शी टायफॉइडातनं उठलेली, रोज आमच्याकडं गिलास घ्यायची. नजीरानं पोरीला लांबनंच वळवून नेलं. आठवड्यात कट्टा ओस पडला. मालक म्हणाय लागले, म्हस विकून टाकतो.

पदर खोचला आणि तडक अतुलच्या दारात. तोंडाचा पट्टा सोडला. शिकल्या-सवरलेल्या माणसानं आमच्या पोटावर पाय द्यावा व्हय, असं लई काय काय बोलले. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि एकच विचारलं.

"आक्का, तुमच्या नातीला तुम्ही कच्चं देता?"

शिवानीला मी दोन उकळ्या आणल्याबिगर चमचाभर देत न्हाय. खोटं सांगायचं मनात आलं. लई राग आला, त्याचा न्हवं, माझाच. चहा तसाच ठेवून उठले.

घरी मालकांना म्हटलं, आपल्या नातीला उकळून आणि लोकांच्या लेकरांना कच्चं, हे बरं न्हवं. ते भडकले. उकळायचंच असंल तर चहाची गाडी घाल की म्हणाले, माझ्या म्हशीचं दूध जाळायचं न्हाय. मी म्हटलं, म्हस तुमची, स्टोव्ह माझा.

दुसऱ्या दिवशी म्हशीशेजारी स्टोव्ह पेटवला. धार डोळ्यांदेखत, उकळी बी डोळ्यांदेखत. मालकांनी धार काढून दिली आणि माझ्याकडं पाठ करून बसले. एका पैलवानानं विचारलं, आक्का, बासुंदी कधी? म्हटलं, तुझ्या लग्नात. तोंडानं हसत होते, पण नजर रस्त्यावर. दुधानं साय धरली तरी कुणी फिरकंना.

तेवढ्यात नजीरा अर्शीला घेऊन चाललेली थांबली. पातेल्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. हीच पुढं गेली तर मग कोण येणार? अर्शीनंच आईचा हात ओढला. मी गडबडीत गिलास भरून दिला, आणि पोरीची जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

तसे मालक उठले. दुसरा गिलास घेतला, ह्यातनं त्यात, त्यातनं ह्यात, हात उंच करून दूध ओतत राहिले. चांगला फेस आला तसे पोरीपुढं उकिडवे बसले.

"दमानं पी बाळा. आता निवालंय."

अर्शीनं गिलास संपवला आणि अजून मागितलं. नजीरा म्हणाली, उद्या सासूला बी आणते. गिऱ्हाईक गेल्यावर मालक माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हे पातेलं बारकं पडतंय. उद्या मोठं आण."