अकरा वीसचा इशारा

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा धाकटीच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. वॉर्डातली धावपळ आता जमणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि रुग्णालयाने तिला तळमजल्यावरच्या संशोधनाच्या खोलीत बसवलं. वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत. घरी मात्र ती धाकटीच. थोरली बहीण जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाव काही बदललं नाही.

खोलीत तीन कॉम्प्युटर होते आणि एक खिडकी, धुलाईघराकडे उघडणारी. संशोधनाचं काम पाहणाऱ्या डॉक्टरबाई धाकटीपेक्षा बारा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पण कामात काटेकोर. पहिल्याच दिवशी त्यांनी समजावून सांगितलं.

"पेशंटची नाडी, श्वास, रक्तदाब, लघवी, सगळं कॉम्प्युटरवर चढतं. पण चढवणारी एक, वाचणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच. सगळे आकडे एका वेळी कुणी बघतच नाही. हा प्रोग्रॅम बघतो. पेशंट बिघडायला लागलाय असं वाटलं की इशारा देतो. सध्या आपण तो जुन्या फायलींवर चालवून बघतोय."

"म्हणजे बैल गेला आणि झोपा केला," धाकटी म्हणाली.

बाई हसल्या. "पुढच्या बैलासाठी करतोय, सिस्टर."

तिच्या वाट्याला तीनशे फायली आल्या, तेवढ्याच दुसऱ्या एका तपासनिसाकडे गेल्या. नाव, पत्ता काढून टाकलेला, नुसता नंबर. प्रत्येक फायलीत तीन प्रश्न. इशारा आला तेव्हा पेशंट खरंच बिघडत होता का? वॉर्डात कुणाच्या लक्षात आलं होतं का? इशारा तेव्हा मिळाला असता तर उपयोग झाला असता का? एका कागदावर तिची सही घेतली होती. वाचलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, आणि एखादा पेशंट ओळखीचा निघाला तर तिथेच थांबून सांगायचं.

काम तिला आवडलं. नर्सेसनी घाईत लिहिलेल्या दोन ओळींवरून वॉर्डात तेव्हा काय चाललं असेल, हे तिला दिसायचं. डॉक्टरबाईंना दिसायचं नाही. दिवसाला सात-आठ फायली हातावेगळ्या व्हायच्या.

सहाव्या आठवड्यात, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर तिने पुढची फाइल उघडली. बाई, वय अठ्ठावन्न, आतड्याचं ऑपरेशन, तिसरा दिवस. इशारा सकाळी अकरा वीसला. तिने आकडे पाहिले. श्वास मिनिटाला अठरा, मग बावीस, मग चोवीस. रक्तदाब थोडा थोडा उतरत गेलेला. लघवी निम्म्यावर. ताप नाही. एकेका आकड्यावर बोट ठेवावं असं काही नव्हतं, पण चारही शेजारी शेजारी मांडले की स्वच्छ दिसत होतं. आत कुठेतरी जंतू पसरत होते. पहिल्या प्रश्नाला तिने 'हो' लिहिलं आणि नर्सच्या नोंदी उघडल्या.

'दुपारी ३.४०. पेशंट पुन्हापुन्हा कपाटाची किल्ली मागत आहे. पती काळजीत. नात्यातील कर्मचारी सिस्टरने पतीची समजूत घातली.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ती 'कर्मचारी सिस्टर' म्हणजे तीच. त्या दिवशी तिच्या स्वतःच्या वॉर्डात चौतीस पेशंट होते. चहाची सुट्टी मोडून ती वरच्या मजल्यावर बहिणीला बघायला गेली होती. भावोजी दारातच उभे होते. "धाकटे, ही काहीतरी वेगळंच बोलतेय गं. किल्ली दे, किल्ली दे म्हणतेय." तिने थोरलीच्या कपाळावर हात ठेवला, ताप नव्हता. चार्ट उचलला, शेवटचा रक्तदाब वाचला, परत ठेवला. "भुलीच्या औषधाने होतं असं, भावोजी. तुम्ही घरी जा, जरा पडा." पाच मिनिटांत ती खाली आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरली हाकेला ओ देईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

धाकटी उठून डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली. "ही माझी बहीण आहे," ती म्हणाली.

बाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. धाकटीने ती दुपार सांगितली, खालच्या वॉर्डातल्या चौतीस पेशंटांसकट.

"ही फाइल आता दुसऱ्या तपासनिसाकडे द्यावी लागेल," शेवटी बाई म्हणाल्या. "नियम आहे."

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, मॅडम."

"म्हणूनच ते तुम्ही देऊ शकत नाही."

"दुसरा काय लिहील?"

"तेही मी सांगू शकणार नाही. सिस्टर, त्या दिवशी चौतीस पेशंट होते तुमच्यावर."

"ते खाली होते. हिच्यासाठी मी मुद्दाम वर गेले होते."

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. फाइल यादीतून निघाली आणि तिच्या जागी दुसरी आली, एका ट्रकड्रायव्हरची, पाय मोडलेल्या. संध्याकाळपर्यंत धाकटीने तीही तपासली.

रविवारी ती भावोजींकडे गेली. भावोजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. घरीही टेबलावर दोन-चार चष्मे उघडून पडलेले असायचे. तिला पाहताच त्यांनी नेहमीप्रमाणे तिचा चष्मा काढून घेतला आणि पुसायला लागले. फायलीबद्दल बोलायचं नाही हे तिला ठाऊक होतं. पण त्या दुपारी जे घडलं ते तर तिचंच होतं.

"त्या दिवशी तुम्ही किल्लीचं सांगितलंत ना, तेव्हाच मी डॉक्टरांना बोलवायला हवं होतं."

भावोजींचा हात थांबला नाही. "मला वाटलंच होतं काहीतरी बिनसलंय."

"कधी?"

"तेव्हाच. आयुष्यात कधी किल्ली मागितली नाही तिने. किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची, मागायचो मी."

"मग तुम्ही का नाही गेलात डॉक्टरांकडे?"

"तू म्हणालीस ना, होतं असं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "घरात सिस्टर आहे, मग मी आणखी कुणाला विचारणार? घरी आलो, जेवलो. झोपही लागली मला, धाकटे. तेच राहून राहून आठवतं."

त्यांनी चष्मा उजेडात धरून पाहिला आणि तिच्या हातात दिला. तिने तो घातला. त्यांनी चहा केला, तो दोघांनी प्यायला आणि अंधार पडायच्या आत ती निघाली.

चार महिन्यांनी निकाल लागला. दोघा तपासनिसांच्या मिळून सहाशे फायली, त्यांत तिसऱ्या प्रश्नाला दोनशे चौऱ्याऐंशींत 'हो', एकशे अठरामध्ये 'नाही' आणि एकशे अठ्ठ्याण्णवमध्ये 'सांगता येत नाही'. थोरली या तिन्हींपैकी कशात मोजली गेली, हे कळायला वाट नव्हती. धाकटीने तो तक्ता वाचून खाली ठेवला.

मग वरच्या दोन वॉर्डांत प्रोग्रॅम खरोखर सुरू झाला. महिन्याभराने डॉक्टरबाईंनी तिला बघून यायला पाठवलं. वॉर्डात दोन नर्सेस आणि अडतीस खाटा. त्यातली एक, धाकटीच्याच हाताखाली शिकलेली, एका पेशंटची जखम बांधत होती.

"सिस्टर, दिवसाला चाळीस वेळा वाजतं हे," ती मान वर न करता म्हणाली. "त्यातले तीस पेशंट ठणठणीत असतात. कुणाकुणाकडे पळू? हात दोनच आहेत."

टेबलावरच्या पडद्यावर तेवढ्यात लाल चौकोन उमटला, खाट अकरा. नर्सने तिकडे पाहिलं, हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "हे संपवून बघते."

धाकटीच गेली. गुडघे कुरकुरत होते. खाटेवर सत्तरीचे गृहस्थ डोळे मिटून पडले होते, उशाशी त्यांची मुलगी मोबाइल बघत बसलेली. धाकटीने घड्याळ समोर धरलं आणि त्यांच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. सव्वीस. पायाच्या बोटांना हात लावला, गार होती.

तिने टेबलावरून डॉक्टरांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये आहेत, मोकळे झाले की येतील, असं पलीकडून कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांचा फोन कुणी उचलला नाही. आता वॉर्डातली औषधं किंवा सलाइन तिच्या अखत्यारीत नव्हतं. नर्सची पट्टी अजून चालूच होती.

ती परत खाटेपाशी आली, स्टूल ओढून बसली आणि आपल्या मोबाइलवरून दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर पुन्हा फिरवला.