आधी कर्सर कुठे आहे ते बघा

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. म्हणजे संगणकात लिहून ठेवलेल्या हुकुमांच्या अकरा ओळी. पेठ गावात, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका टायपिंगच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. मला अक्कल एका ओळीपुरतीच होती. त्या दुकानात तेवढीही चैन होती.

मला कल्याणीने लिहिलं. ती तिथे टायपिंग करायची. वारसनोंदीच्या अर्जात दोन चौकटी असत. वर मयत, खाली अर्जदार. बटण दाबलं की कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ, ज्या चौकटीत असेल तिथे मी गिऱ्हाइकांच्या यादीतून अर्जदाराचं नाव टाकायचो आणि दुसरीत मयताचं. पण कल्याणी माणसं ओळखून होती. तिने माझी पहिलीच ओळ लिहिली ती अशी : कर्सर खालच्या चौकटीत आहे का बघ, नसेल तर थांब आणि तसं सांग. मी थांबलो की ती म्हणायची, "शाबास रं गड्या!" कौतुक म्हणावं असं तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली आणि खुर्चीत मालक बसले. सुदर्शनशेठ, पदवीधर. कालच्या गिऱ्हाइकाचा अर्ज उघडायचा, नावं खोडायची, आजची टाकायची, एवढीच यांची विद्या. कर्सर हमखास वरच्या चौकटीत राहायचा, आणि मी दिवसातून वीसदा थांबू लागलो.

"लई शाना झालाय ह्यो!" म्हणत शेठनी एक हिंदी व्हिडिओ पाहिला आणि माझ्या पहिल्या ओळीपुढे खूण टाकून तिला मुकी केली. अशी खूण असली की संगणक ती ओळ सोडून पुढे जातो. त्या दिवशी गृहस्थ फार खूश होते.

मग आली रतनबाई. मेंढरं राखणारी. नवरा राघू वारलेला, आणि दीर सगळी जमीन एकट्याच्या नावावर लावू पाहत होता. शेठनी वरचं नाव सगळ्यात शेवटी खोडलं, कर्सर तिथेच सोडला आणि बटण दाबलं. मला दिसत नव्हतं. त्यांना दोन डोळे होते, चष्म्यासकट.

तहसील कचेरीतल्या सुनावणीत कारकुनाने वाचलं, "मयत रतनबाई. अर्जदार राघू कुठंय?"

"राघू गेला, सायेब. म्या हाय की हितं!"

"कागद तसं म्हनत न्हाई, बाई." दीर मिशीत हसला. पुढची तारीख मिळाली, पण शेवटची.

रतनबाई दुकानात परत आली.

"प्रिंटर बिगडला व्हता, मावशी," असं बेधडक सांगून शेठनी तोच अर्ज उघडला, नावं खोडली आणि बटणाकडे बोट नेलं. रतनबाईने मनगटच धरलं.

"थांब. ती रेघ वरच्या घरात नाचतीया. मागल्या बारीलाबी तिथंच व्हती."

"मावशी, तुमाला वाचता येतं?"

"न्हाई. पन मेंढरू जाळीच्या आत हाय का भाईर, ते बगितल्याबिगर म्या दोरी बांदत न्हाई. तू एवढा शिकलास, तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

शेठनी कर्सर खाली नेला. मी नावं भरली. रतनबाई जिवंत झाली, राघू रीतसर वारला, आणि शेवटच्या तारखेला दिराशेजारी तिचंही नाव लागलं.

मित्रांनो, माझी पहिली ओळ अजून मुकीच आहे. एक खूण पुसली तर मी बोलेन. पण ती कुठे टाकली हे शेठना आठवत नाही. तेव्हा कृपा करा. या दुकानात अर्ज करायला याल, तेव्हा रतनबाईला सोबत आणा.