पहिली कात्री कोणाची

फ्रान्सच्या दक्षिणेला, आमच्या झ्युरांसोंच्या टेकड्यांवर नोव्हेंबर लागला की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, समोरच्याच्या द्राक्षांकडे बघतात. जो आधी कात्री लावेल तो भित्रा. मग तो गावचा महापौर का असेना.

त्या वर्षी जूनच्या गारपिटीने आमची बाग झोडपून काढली. कुर्बू जातीचं द्राक्ष गेलं, कामारालेचं तर नावही घ्यायला नको, मोठं मांसेंग निम्मं झालं. वाचल्या त्या छोट्या मांसेंगच्या सहा ओळी. या द्राक्षाची साल जाड. ते वेलीवरच सुकू द्यायचं आणि मणी सुरकुतून आत मध साठला की तोडायचं. त्या वर्षीची गोड वाइन होणार ती एवढ्या ओळींचीच, नाहीतर तळघर रिकामं.

सुकवण्याचं काम स्पेनकडून डोंगर ओलांडून येणारा गरम वारा करतो. पण तो पडला की लगेच पश्चिमेकडून पाऊस येतो. भिजला की मणी पुन्हा पाणी पितो आणि सगळी वाट बघणं फुकट जातं.

त्या सकाळी पिरेनीज अगदी अंगणात येऊन उभे राहिल्यासारखे दिसत होते. पाऊस जवळ आला की ते असेच दिसतात.

"आज तोडू या," मी म्हणाले.

माझा नवरा ग्रासियाँ पाखरांसाठी वेलींवर घातलेल्या जाळीला नाक लावून उभा होता. "अजून दोन दिवस राहू दे. समोर बघ."

समोर, ओढ्यापलीकडच्या उतारावर काझनाव्हची बाग. त्याच्याही वेलींवर जाळ्या तशाच. तोही हाताची घडी घालून आमच्याकडेच बघत होता.

"तो तोडेपर्यंत मी हात लावणार नाही."

"आणि तो तुझ्यासाठी थांबलाय!"

माझी धाकटी बहीण मायलिस मादिराँहून तोडणीला आली होती. त्यांच्याकडचं द्राक्ष काळं, ताना नावाचं. ते केव्हाच पिंपात गेलं होतं. क्रेटवर बसून ती म्हणाली, "दाजी, आम्ही द्राक्ष पिकलं की तोडतो. तुम्ही शेजारी पिकायची वाट बघता का?"

"तुमची वाइन प्यायली की जीभ खडबडीत होते, तू बोलूच नकोस."

मी एक मणी तोंडात टाकला. गोड होता, मागून आंबट झिणझिणीही आली. अजून दोन दिवसांनी आणखी चांगला झाला असता, हे मलाही कळत होतं. तरी मी जाळी वर केली आणि पहिला घड कापला.

"ओदेत!" ग्रासियाँ ओरडला. "तो बघतोय!"

"बघू दे."

पलीकडून काझनाव्हचा आवाज आलाच. "काय रे ग्रासियाँ, घरात हुकूम कोणाचा चालतो?"

ग्रासियाँचे कान लाल झाले. तो जागचा हलला नाही. मायलिस उठून ओळीच्या पलीकडून माझ्या समोर कापू लागली. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली. त्याने क्रेटसुद्धा उचलून दिलं नाही. मला घाम फुटला होता, तो वाऱ्याने लगोलग वाळत होता.

आणि मग तो वाळेनासा झाला.

मी मान वर केली. जाळ्या निपचित लोंबत होत्या. मायलिसची कात्री हवेतच थांबली. ग्रासियाँने टोपी काढली, पश्चिमेकडे बघितलं आणि क्रेट आणायला धावत सुटला.

चौथी, पाचवी. सहावीचा शेवटचा घड क्रेटमध्ये पडला तेव्हा माझ्या मनगटावर थेंब पडला, एकच.

ओढ्यापलीकडे काझनाव्ह आणि त्याची बायको खालच्या ओळींत वेड्यासारखे कापत होते. वरचा अख्खा उतार तसाच होता.

मी कात्री पुसली आणि उतार उतरू लागले.

"आता कुठं?" ग्रासियाँ ओरडला.

"दिसत नाही का?"

त्याने मला, काझनाव्हला आणि आकाशाला एकाच दमात शिव्या घातल्या. मी ओढा ओलांडला तेव्हा रिकामे क्रेट आदळत तो मागून येत होता.

काझनाव्हने वर बघितलं नाही. "तुझ्या मण्यांत अजून पाणी होतं," तो म्हणाला.

"तुझ्या मण्यांत आत्ता भरतंय," ग्रासियाँ म्हणाला आणि त्याच ओळीच्या दुसऱ्या बाजूने कापू लागला.