मोकळी ठेवलेली जागा

मोजणीदाराने भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला फीत लावली आणि आकडा मोठ्याने वाचला. दोन मीटर दहा. कचेरीतल्या मदतनीस बाईंनी तो लिहून घेतला. भिंत त्याच्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघराची होती; घराचं तेवढंच उरलं होतं. भाऊ सापडला तो पुरानंतर तिसऱ्या दिवशी, पार पुलाखाली. त्याला आता सतरा दिवस झाले होते. मोजणीदार एकदाही रडला नव्हता. हात आपलं काम करत होते आणि तो त्यांच्या मागे मागे जात होता.

"पुढचं घर," तो म्हणाला.

"साहेब, हा फॉर्म राहिलाय. पाणी पूर्वी कुठून जायचं, ते जुन्या माणसांना विचारून लिहायचंय. नव्या वसाहतीचा नकाशा त्यावरून पक्का करणार म्हणे. म्हणजे वरातीमागून घोडं."

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. त्याने फॉर्म घडी करून खिशात टाकला.

जुनी माणसं बहुतेक लेकीसुनांकडे निघून गेली होती. उरली होती ती त्याचीच आई. शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकावर बसून ती मदतीत आलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला.

"हे तू विचारतोयस की कचेरी?"

"कचेरी."

"चल मग. बसून सांगायची गोष्ट नाही ती."

ती चपला हातात घेऊन पुढे चालली. मधूनच थांबे, पायाने माती दाबून बघे, आणि म्हणे, "इथं." तो खुंटी ठोके.

"हा लव्हाळा भर उन्हाळ्यातही हिरवा असतो. म्हणजे खालून पाणी चालू आहे. नदीला फुगायला जागा लागते रे. तुझ्या पणजीच्याही आधीपासून ही पट्टी मोकळी. गुरं चारायची, पण भिंत घालायची नाही."

त्याने मागे वळून पाहिलं. खुंट्यांची ओळ भावाच्या स्वयंपाकघरातून आली होती. पुढे ती कुठे जाणार, हेही त्याला दिसलं: नव्या वसाहतीची चाळीस घरं नकाशावर जिथे आखली होती, नेमकी तिथून.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग चार वर्षांपूर्वी मी इथे प्लॉट पाडले, तेव्हा संमतीच्या कागदावर अंगठा का दिलास?"

तिने हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"तुझ्याकडे ते तीन पायांचं यंत्र होतं. एक डोळा मिटून तू त्यातून बघत होतास. मला वाटलं, आपल्याला दिसतं त्याच्या पलीकडचं याला दिसत असेल. एवढं शिकलेलं पोर. आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?"

आवाजात राग नव्हता. कपड्यांच्या घड्या घालाव्यात तसे तिने एकेक शब्द ठेवले होते. आता छातीत काहीतरी हलेल म्हणून मोजणीदार थांबला. काही हललं नाही.

"पुढची खुंटी कुठे?" त्याने विचारलं.

"तूच सांग."

"मला काय कळणार त्यातलं?"

"बूट काढ आधी."

तो बांधावर बसला. नाड्यांवरचा चिखल वाळून दगड झाला होता; गाठी सुटेनात. ती घाई न करता उभी राहिली. शेवटी त्याने दोन्ही बूट काढले, मोजे काढले आणि पांढरे पडलेले पाय मातीवर टेकवले.

"काही लागतंय का पायाला?"

"नाही."

"उभा राहा थोडा वेळ," आई म्हणाली. "लागेल."